गावात खंजिरी भजनाचे तरुण मंडळ कसे उभे करावे

सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आटोपली की मोठी माणसे चपला शोधू लागतात, आणि त्याच वेळी एखादे दहा-बारा वर्षांचे मूल कोपऱ्यातली खंजिरी हळूच उचलून तिच्यावर बोटे आपटून पाहते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी स्थापन केलेल्या गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना जेथे अजून नेमाने होते, अशा अनेक गावांत मी हे दृश्य पाहिले आहे. तरुण भजन मंडळ उभे करायचे असेल तर सुरुवात त्या मुलापासून करावी. आमच्या भागात मात्र बहुधा उलट घडते. आधी वर्गणी, मग ध्वनिक्षेपक, मग एकसारखे सदरे, आणि सर्वांत शेवटी ‘गाणार कोण’ हा प्रश्न. वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांच्या सीमेवरील आमच्या गावात अशी दोन मंडळे सदरे शिवून झाल्यावर मोडली. तिसरे टिकले, आणि ते कशामुळे टिकले हे शेजारच्या गावांतील लोक वारंवार विचारतात म्हणून हा लेख लिहीत आहे.

गुणी मूल गावात असतेच, ते बाहेरून आणावे लागत नाही. त्याला लागते ती आठवड्याची ठरलेली बैठक, जेथे सत्तरीतला भजनी आणि सहावीतला पोरगा एकाच सतरंजीवर बसतात आणि पोराच्या हातात केवळ टाळ न देता कधीतरी ध्रुपदही, म्हणजे भजनाची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, गायला दिले जाते. स्पर्धा, बक्षिसे, चित्रफिती यांचा उपयोग आहे, पण तो बैठक चालू असेल तरच.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील बिल मन्रो या मँडोलिनवादकाने १९३९ च्या सुमारास ‘ब्लू ग्रास बॉईज’ नावाचा संच बांधला, १९४५ च्या अखेरीस त्यात तीन बोटांनी बँजो छेडणारा अर्ल स्क्रग्ज हा तरुण दाखल झाला, आणि त्या संचाच्या नावावरूनच खेड्यापाड्यांतील त्या गायनवादनाला ब्लूग्रास म्हणू लागले. पुढे रॉक संगीताची लाट आल्यावर हे म्हाताऱ्यांचे गाणे ठरण्याची वेळ आली होती. १९६५ साली व्हर्जिनिया राज्यातील फिनकासल येथे ब्लूग्रासचा तीन दिवसांचा उत्सव भरला आणि नंतर तसे उत्सव ठिकठिकाणी भरू लागले. त्या उत्सवांत मंचावरच्या कार्यक्रमाइतकेच महत्त्व तंबूंबाहेर रात्री गोल करून बसणाऱ्यांना असते. त्या गोलात कोणीही आपले वाद्य घेऊन शिरू शकतो. आज ज्या बिली स्ट्रिंग्ज या तिशीतल्या गिटारवादकाला ऐकायला तेथे मोठमोठी मैदाने भरतात, तो लहानपणी घरात सावत्र वडिलांच्या शेजारी बसून शिकला आणि २०२२ साली त्याच वडिलांना सोबत घेऊन त्याने जुन्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. आपल्याकडे मांडीला मांडी लावून शिकण्याची रीत तशीच आहे. फक्त ती मोडू द्यायची नाही.

मुले, जागा आणि वेळ

मंडळात मुख्य गाणारा एक, पेटीवर एक, ढोलक किंवा तबल्यावर एक, टाळावर दोन आणि पाठ धरणारे, म्हणजे मागून ओळ म्हणणारे, पाच-सहा, इतकी माणसे पुरतात. शिकायला मात्र यापेक्षा जास्त मुले घ्यावीत, कारण त्यांतील निम्मी पहिल्या पावसाळ्यात गळतात. निवडीसाठी गाणे म्हणून दाखवायला सांगू नये. लाजाळू मूल तोंड उघडत नाही आणि धीट मूल बेसूर असले तरी मोठ्याने गाते. त्यापेक्षा चार-पाच टाळ्यांचा एखादा आडवातिडवा क्रम आपण वाजवावा आणि मुलाला तसाच वाजवायला सांगावा. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात ज्याला तो जमतो त्याचे कान चांगले आहेत, असे खुशाल समजावे. सूर नंतर येतो. लय ज्याच्या अंगात नाही त्यालाही काढून टाकू नये. तो पाठ धरतो, सतरंज्या घालतो, आणि मंडळ टिकवण्यात पुष्कळदा तोच सर्वांत उपयोगी पडतो.

मुलींना पहिल्या दिवसापासून घ्यावे. आमच्याकडे महिला भजन मंडळांची परंपरा मोठी आहे, तरी मुलींना ‘मोठी झाल्यावर महिला मंडळात जा’ असे सांगून मधली सात-आठ वर्षे वाया घालवली जातात, आणि तोवर हात बसण्याचे वय निघून जाते.

जागा म्हणून प्रार्थना मंदिर सर्वांत उत्तम. प्रार्थनेला माणसे जमलेलीच असतात, त्यामुळे वेगळे बोलावणे लागत नाही आणि पालकांच्या मनात शंका राहत नाही. प्रार्थना संपल्यावर रोज वीस मिनिटे सराव आणि शनिवारी किंवा गुरुवारी रात्री दीड तासाची मोठी बैठक, असा क्रम आम्हाला मानवला. वर्षाचे नियोजन शेतीकडे पाहून करावे लागते. मृगाच्या पेरणीत आणि दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघत असताना मोठी बैठक बंद ठेवावी. पुढे कापसाच्या वेचणीत मोठी मुले थकून येतात, तेव्हा त्यांच्याकडून फक्त गाऊन घ्यावे, वाजवायला लावू नये. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धानाच्या रोवणीचे आणि कापणीचे दिवस वेगळे, म्हणून तिकडच्या मंडळांनी आमचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलू नये. नवीन चाली बसवण्याचा खरा काळ म्हणजे संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत आणि नंतर उन्हाळ्याच्या सुट्टीतील पहाट.

म्हाताऱ्या भजन्यांना बैठकीत बसवणे हे स्वतंत्र काम आहे. त्यांना ‘शिकवायला या’ म्हटले की ते संकोचतात. ‘दोन भजने ऐकवायला या’ म्हटले की येतात, आणि एकदा बसले की शिकवल्याशिवाय राहत नाहीत. आमच्या बैठकीत एक आजोबा पहिले तीन शनिवार एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या शनिवारी एका पोराचा हात ऐकून त्यांना राहवले नाही. “काऊन रे बापू, खंजिरी हाय का दाराची कडी?” एवढेच म्हणून त्यांनी ती आपल्या हातात घेतली. त्यानंतर त्यांनी एकही शनिवार चुकवला नाही.

खंजिरी निवडणे आणि सांभाळणे

खंजिरी म्हणजे एका बाजूने मढवलेले लाकडी कडे आणि त्या कड्याच्या खाचांत बसवलेल्या पितळी झांजा. लहान मुलाला सात-आठ इंच व्यासाची, हलकी खंजिरी घ्यावी; मोठी घेतली तर अर्ध्या तासात डावे मनगट दुखते आणि मूल खंजिरी छातीशी टेकवू लागते, त्यामुळे आवाज कोंडतो. घेताना कड्याच्या आतून बोट फिरवून चीर आहे का हे पाहावे, झांजा हलवून त्यांच्या खिळ्यांत ढिलाई आहे का हे ऐकावे, आणि कातडे उजेडासमोर धरावे. जाडी सगळीकडे सारखी नसेल तर उजेडात डाग दिसतात, आणि अशी खंजिरी दर ठिकाणी वेगळा आवाज देते.

कातडे बकरीचे असावे. दक्षिणेकडच्या कंजिऱ्याला घोरपडीचे कातडे लावण्याची रीत होती आणि आपल्याकडेही कोणी ‘घोरपडीची आहे, आवाज वेगळा येतो’ म्हणून देऊ करतो. ती घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये घोरपड संरक्षित आहे आणि तिचे कातडे बाळगणे हा गुन्हा आहे. याशिवाय कृत्रिम पडद्याची, स्क्रूने आवळण्याची खंजिरी मिळते. तिचा आवाज थोडा टणक असतो, पण ती पावसाळ्यात उतरत नाही. आम्ही सरावासाठी कृत्रिम पडद्याच्या आणि कार्यक्रमासाठी कातड्याच्या खंजिऱ्या ठेवतो.

कातड्याची खंजिरी हवामानाप्रमाणे बदलते आणि आपल्या हवामानाला मधली अवस्था ठाऊक नाही. श्रावणात ती ओल्या पापडासारखी होते, तर पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो अशा मे महिन्यात इतकी ताणते की कड्याजवळ फाटते. ओलाव्याने उतरली असेल तर निखाऱ्यांपासून वीतभर अंतरावर धरून सतत फिरवत राहावी आणि मधूनमधून बोटाने वाजवून पाहावी. हवा तो आवाज येण्याच्या थोडे आधी थांबावे, कारण उष्णता उतरेपर्यंत ती आणखी चढते. ज्वाळेवर धरू नये. उन्हाळ्यात फार चढली असेल तर पडद्याच्या आतल्या बाजूला ओल्या बोटाने पाण्याचे दोन थेंब चोळावे आणि काही मिनिटे थांबावे. टिनाच्या छपराखालच्या खोलीत, मोटारसायकलच्या डिकीत किंवा चुलीवरच्या फळीवर खंजिरी ठेवू नये. सुती पिशवीत घालून, घरात जेथे धान्याची कोठी असते त्या अंधाऱ्या आणि कोरड्या बाजूला टांगावी. हे सगळे मुलांनीच करावे. ज्याची खंजिरी त्याच्याच घरी राहते तेव्हा तो तिची काळजी घेतो आणि रात्री जेवणानंतर, कोणी न सांगता, वाजवतोही.

हात बसवणे

पहिले पंधरा दिवस मुलांच्या हाती खंजिरी देऊच नये. या काळात केवळ तोंडाने बोल आणि हाताने टाळी, एवढेच करावे. केरव्याच्या आठ मात्रा ‘धा गे न ती, न क धी न’ अशा म्हणताना पहिल्या मात्रेवर टाळी आणि पाचवीवर हात उघडा. दादऱ्याच्या सहा मात्रा ‘धा धी ना, धा ती ना’ अशा म्हणताना पहिलीवर टाळी आणि चौथीवर हात उघडा. या दोन तालांत बहुतेक भजने बसतात. मुले कंटाळतील, त्यांना गावाच्या रस्त्याने पावले टाकत बोल म्हणायला लावावे. चालण्याची लय पोटात असते, तिला शिकवावे लागत नाही, आणि पाऊल चुकले की मुलाला स्वतःलाच कळते.

त्यानंतर खंजिरी. कडे डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत असे धरावे की मनगट मोकळे राहील. आधी तीनच आवाज शिकवावे: मध्यावर बोटांनी ठोकून लगेच हात उचलला की येणारा घुमारा, काठाशी बोटाच्या टोकाने येणारा स्पष्ट ‘ना’, आणि न ठोकता केवळ मनगटाच्या झटक्याने वाजणाऱ्या झांजा. हे तिन्ही वेगवेगळे ऐकू येईपर्यंत पुढे जाऊ नये. नव्या मुलाचा घुमारा आणि काठ एकसारखाच वाजतो, कारण तो बोटांऐवजी पंजा मारतो. त्याच्या तळहाताखाली एक कापसाचे बोंड धरायला द्यावे आणि ते न पाडता वाजवायला सांगावे. बोंडे आमच्याकडे हवी तेवढी असतात.

लय साठच्या पुढे नेण्याची घाई नको. मोबाइलवर मिनिटाला ठरावीक ठोके देणारी साधने फुकट मिळतात. साठवर आठवडाभर, मग सत्तर, मग ऐंशी असे चढावे. शंभराच्या पुढची लय वर्षभर मागूच नये. सध्या मंडळांना वेगाची हाव आहे. भजन सुरू होऊन दोन मिनिटे झाली की ढोलक धावत सुटतो आणि शब्द मागे राहतात. टाळ्या मिळतात, हे खरे. पण ज्या भजनातला शब्द मागच्या ओळीतल्या आजीपर्यंत पोहोचला नाही ते भजन झाले असे मी मानत नाही.

सप्तखंजिरी वाजवणारे सत्यपाल महाराज मुलांनी मोबाइलवर पाहिलेले असतात, त्यामुळे सात खंजिऱ्यांचा हट्ट दुसऱ्याच आठवड्यात सुरू होतो. त्यांना सांगावे की सात खंजिऱ्यांतल्या प्रत्येकीवर तेच तीन आवाज आहेत, आणि एकीवर ते शुद्ध निघाल्यावर दुसरी मागावी. आमच्यातल्या एकाने दोन वर्षांनी खरोखरच दुसरी मागितली.

गात गात वाजवणे ही खंजिरी भजनातली खरी अवघड गोष्ट, आणि येथेच बहुतेक मुले सोडून जातात. हात चालू असला की गळा थांबतो, गळा चालू असला की हात. यावर आमचा उपाय असा. एकच ध्रुपद घ्यावे. पहिले काही दिवस ठेका वाजवत ते नुसते बोलायचे, सुरात म्हणायचे नाही. पुढचे काही दिवस खंजिरी खाली ठेवून, टाळी देत, सुरात गायचे. मग सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोणत्या अक्षरावर येते ते वहीत त्या अक्षराखाली रेघ मारून दाखवायचे, आणि त्या एका अक्षरावरच घुमारा वाजवत पूर्ण ओळ गायची. बाकीच्या मात्रांना हात वरच उचललेला ठेवायचा. समेचा ठोका न चुकता पडू लागला की मधले ठोके एकेक करून भरायचे. एका ध्रुपदाला महिनाही लागतो. दुसऱ्याला आठ दिवस लागतात. तिसऱ्यानंतर हिशेब ठेवण्याची गरज उरत नाही.

दुगुण (दुप्पट लय), शेवटची लग्गी (जलद ठेका) आणि तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) हे सर्व नंतरचे. ढोलकवाल्याला ते आधीच येत असते, त्याला आवरणे एवढेच आपले काम.

पेटी आणि गळा

पेटीवाल्याने मुलांच्या गळ्याप्रमाणे पट्टी, म्हणजे पेटीची जी पट्टी ‘सा’ धरून गायचे ती, धरावी. स्वतःच्या सवयीची काळी एक धरून मुलांना खाली दाबू नये. आवाज फुटण्याआधीच्या मुलांना आणि मुलींना पांढरी पाच ते काळी पाच या टापूत साधारण सोयीचे पडते. ध्रुपदातला सर्वांत वरचा स्वर मान वर न करता लागतो का, हे पाहून पट्टी ठरवावी. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटतो. त्या सहा-आठ महिन्यांत त्याला गायला लावले तर गळा बिघडतो आणि चारचौघांत हसे झाल्यामुळे तो बैठकीला येणेच बंद करतो. आमच्या पहिल्या मंडळातला सर्वांत गोड गळा आम्ही असाच घालवला. तेव्हा आधीपासून सांगून ठेवावे की आवाज फुटेल, हे सर्वांचे होते, आणि त्या काळात तू पेटी शिकशील. पट्टी तीन-चार स्वर उतरवून तो परत गाऊ लागतो, आणि तोवर त्याला पेटीही आलेली असते.

शब्द आणि अर्थ

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने मराठीत आहेत तशी हिंदीतही आहेत. हिंदी भजनांतले शब्द मुले ऐकून पाठ करतात आणि अर्थ नसल्यामुळे भलत्या ठिकाणी तोडतात. प्रत्येकाने भजन स्वतःच्या हाताने वहीत उतरवावे. छापील पुस्तिका समोर ठेवून गाण्याची सवय लागली की मूल श्रोत्यांकडे पाहातच नाही. अर्थ सांगताना प्रवचन नको, प्रसंग सांगावा. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या या माणसाने १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला, १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेतही हीच खंजिरी वाजवली. आणि १९४२ च्या आंदोलनात इंग्रज सरकारने त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. भजन गाणाऱ्याला सरकारने तुरुंगात का घालावे, हा प्रश्न मुलांना विचारून सोडून द्यावा. पुढच्या शनिवारी ती वेगळ्या आवाजात गातात.

सिनेमाच्या चालीवर भजन बसवण्याचा मोह सर्वांना होतो. एखादे बसवायला माझी हरकत नाही, परंतु मुलाचे पहिले पाच भजन जुन्या चालीचेच असावेत, कारण जुनी चाल गळ्याला आणि ठेक्याला एकत्र बांधलेली असते. शिवाय सिनेमाच्या चालीची चित्रफीत यूट्यूबवर टाकली की स्वामित्वहक्काचा (कॉपीराइटचा) दावा येतो.

महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. त्यांना कळत्या वयात प्रत्यक्ष ऐकलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत, म्हणून हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही: मंडळातल्या दोन मोठ्या मुलांनी गावातल्या आणि पंचक्रोशीतल्या अशा प्रत्येक भजन्याच्या घरी जाऊन त्यांच्या चाली मोबाइलमध्ये उतरवाव्यात. पंखा बंद करावा, मोबाइलवर फोन येणार नाही अशी सोय करावी, तो गाणाऱ्यापासून तीन-चार फुटांवर चादरीच्या घडीवर ठेवावा, आणि सुरुवातीला गाणाऱ्याचे नाव, गाव व तारीख बोलून घ्यावी. चाल दोनदा गाऊन घ्यावी, एकदा वाद्यासह आणि एकदा नुसत्या गळ्यावर. दुसरी प्रत शिकायला जास्त उपयोगी पडते. फीत दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवावी आणि गाणाऱ्याला विचारल्याशिवाय कोठेही टाकू नये. मंडळाने भजनांची पुस्तिका छापायचे ठरवले तर आधी परवानगी घ्यावी. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो.

बैठकीचे वळण

बैठक अर्धगोल असावी आणि सर्वांना मुख्य गाणाऱ्याचे हात दिसावेत. अनुभवी माणसे पुढे, नवी मुले त्यांच्या मागे. मागच्यांनी हळू वाजवावे, म्हणजे चूक झाली तरी भजन मोडत नाही आणि कान मात्र तयार होतो. ब्लूग्रासच्या गोलातही नवखे असेच बाहेरच्या कडेला बसून हळू वाजवतात, आणि गाणे संपवायचे झाले की म्होरक्या एक पाय उचलून पुढे करतो. आम्ही मांडी घालून बसतो, त्यामुळे आमची खूण म्हणजे खंजिरी खांद्याच्या वर नेणे. ही खूण ठरलेली असली पाहिजे. नाहीतर शेवटच्या तिहाईला चार जण चार ठिकाणी थांबतात.

त्यांची आणखी एक रीत आम्ही उचलली. गाण्याच्या मध्ये प्रत्येक वाद्याला एक आवर्तन स्वतंत्र वाजवायला मिळते आणि तेवढा वेळ इतर सर्व मागे सरतात. आम्ही प्रत्येक बैठकीत एक भजन असे ठेवले आहे की त्याच्या प्रत्येक कडव्याला ध्रुपद वेगळ्या मुलाच्या तोंडी जाते, आणि वडीलधारे त्याचा पाठ धरतात. आजोबा आपला पाठ धरत आहेत हे पाहून आठवीतल्या मुलाच्या पाठीचा कणा कसा ताठ होतो, ते पाहण्यासारखे असते. चूक झाली तर भजन संपेपर्यंत कोणी तोंड वाकडे करू नये. ज्येष्ठांना हे सांगायला अवघड जाते, तरी सांगावे.

स्पर्धा आणि ध्वनिक्षेपक

विदर्भात खंजिरी भजन स्पर्धा गावोगाव होतात. वर्षाला तीन पुरेत. नियमपत्रिका आधी मागवून वेळेची मर्यादा, भजनांची संख्या आणि बालगटाचे वय पाहून घ्यावे, आणि घरी घड्याळ लावून दोनदा गाऊन पाहावे. एका ठिकाणी आमच्या बालगटाचा क्रमांक पहाटे अडीचला आला; अर्धी मुले सतरंजीवर झोपलेली, दवाने कातडी उतरलेली, आणि शेकायला निखारे नाहीत. तेव्हापासून आम्ही आयोजकांना आधीच विचारतो की बालगट दिवसा आहे की रात्री, आणि रात्री असेल तर नम्रपणे नकार कळवतो. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास कायद्याने मनाई आहे. राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस ती सवलत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. त्यामुळे पहाटेपर्यंत चालणाऱ्या स्पर्धेचा मोह मुलांच्या निमित्ताने सुटला तर चांगलेच.

ध्वनिक्षेपकासाठी दोन माइक पुरतात: एक मुख्य गाणाऱ्यापुढे, दुसरा पेटी आणि पाठवाल्यांच्या मध्ये. खंजिरीला वेगळा माइक दिला की झांजा कानठळ्या बसवतात. गाणाऱ्याच्या माइकमध्ये ती आपोआप हवी तेवढी येते. ब्लूग्रासवाले पुष्कळदा एकाच माइकभोवती उभे राहून, ज्याची पाळी तो पुढे, असे गातात. तेथे संवेदनशील कंडेन्सर माइक लागतो, त्याला मिक्सरमधून वेगळा वीजपुरवठा द्यावा लागतो, आणि आपल्याकडच्या भाड्याच्या संचात तो सहसा नसतो. पण ज्याची पाळी नाही त्याने मागे सरावे, हा भाग फुकट आहे.

वेशभूषेवर मी फार बोलणार नाही. स्वच्छ पांढरे कपडे आणि भगवी टोपी प्रत्येक घरात असते.

मोठी मुले गेल्यावर

बारावीनंतर मुले नागपूरला, पुण्याला जातात, आणि मंडळे मुख्यतः याच कारणाने मोडतात. म्हणून मुख्य गाणारा दहावीत गेला की त्याच्यामागे दोन लहान मुले नेमावीत आणि त्यांना शिकवण्याचे काम त्याच्याकडेच द्यावे. शिकवताना त्याचा स्वतःचा हात सुधारतो, ही वेगळी गोष्ट. गाव सोडताना त्याने आपली खंजिरी त्यांच्यापैकी एकाला द्यावी. पिशवीच्या आत आधीच्या वादकाचे नाव आणि वर्ष शाईने लिहून ठेवण्याची पद्धत आम्ही सुरू केली आहे, आणि एका पिशवीत आता तीन नावे झाली आहेत. दिवाळीला तो परत आला की लोक आग्रहाने त्याला पुढे बसवतात. त्याने तेव्हा पाठवाल्यांच्या ओळीत, सर्वांत कडेला बसावे आणि खंजिरी ज्याच्या हातात आहे त्याच्या खुणेकडे पाहत पाठ धरावा.